पुढचं चाक मालूचं

मी एक जुनी, शर्यतीची सायकल आहे. माझा रंग कधीकाळी निळा होता. आता तो खाडीच्या पाण्यासारखा झाला आहे, म्हणजे ज्याला जसा दिसेल तसा. माझं मागचं चाक काळ्या कड्याचं आणि पुढचं चंदेरी कड्याचं. सिग्नलला उभी राहिले की रिक्षावाले हसतात. "ताई, एकच चाक धुतलं काय?" हसू दे त्यांना. मित्रांनो, मी सोळा राज्यांच्या मुलींमध्ये धावले आहे, घाट चढले आहे, वाळूत पोळले आहे. पण माझ्या आयुष्यात सांगण्याजोगी गोष्ट एकच, आणि ती या पुढच्या चाकाची आहे. कारण हे चाक माझं नाही. ते मालूचं आहे.

माझा सांगाडा परदेशातून वापरून झाल्यावर इकडे आला. खोक्यात, गवताच्या पेंढीसारखा बांधलेला. कल्याणला स्टेशनच्या अलीकडे चंदूकाकाचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं आठ दिवस मला मांडीवर घेतलं. कुठून गिअर, कुठून ब्रेक, कुठून हँडल असं एकेक जमवून मला उभी केली. शेवटी चाक फिरवून कान लावला आणि म्हणाला, "बोलते रे ही!" मला त्या दिवशी खरोखर वाटलं, आपण बोलतो.

मला घ्यायला आली ती मेघाली. सोळा वर्षांची, बारीक चणीची, पिंडऱ्या मात्र दोरखंडासारख्या. कळव्याला खाडीकाठी तिचं घर. बाप खाडीत जाळं टाकतो, आई शेवंती बाजारात म्हावरं विकते. चंदूकाकानं पत्ता ऐकला आणि कपाळाला हात लावला.

"खाडीवर राहतेस? अगं, खाऱ्या हवेनं साखळी मरते. रोज पुसशील ना?"

"पुसेन, काका."

"रोज म्हणजे रोज."

"माझी आई कोयता रोज पुसते. मी साखळी पुसेन."

आणि तिनं ती पुसली, मित्रांनो. अंधार फिटायच्या आत शेवंती बंदरावर जायची आणि जाता जाता लेकीच्या नावानं गुणगुणायची. तिच्या ओव्या कुणी शिकवलेल्या नव्हत्या, तोंडाला येईल ते ती गाण्यात घालायची:

लेकीची गं सायकल, नाही दाणा नाही चारा
चढावाला घाटावरी, पोटाशी बांधी वारा

आमचा रोजचा रस्ता ठरलेला. कळव्याहून निघायचं, शिळफाट्यावरून कल्याण गाठायचं, शहाडचा पूल ओलांडायचा आणि मग मुरबाडचा रस्ता. पुलापाशी मालू उभी असायची. शहाडची मालू, मेघालीहून वर्षानं मोठी, हसली की डोळे मिटणारी. तिची सायकल माझ्याच वयाची होती. पुढे सहदेवसर स्कूटरवर. सर ठाण्याच्या एका शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे मास्तर. गळ्यात शिट्टी, डोक्याला मफलर, आणि बोलणं पुस्तकातल्यासारखं स्वच्छ.

सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मुलींनो, सायकलची शर्यत एकटीची दिसते, पण एकटीची नसते. जी पुढे असते ती वारा फोडते. जी मागे असते तिला तो वारा लागत नाही, तिचं बळ शिल्लक राहतं. म्हणून पाळीपाळीनं पुढे यायचं. याला म्हणायचं वारा घेणं. जी वारा घ्यायला कुरकुरते, तिनं कॅरम खेळावा."

मेघाली आणि मालूनं एकमेकींसाठी इतका वारा घेतला की नंतर त्यांना मोजायचीही आठवण राहिली नाही. मी पुढे, मालूची सायकल मागे; मग ती पुढे, मी मागे. भातशेतांच्या मधून, ट्रकांच्या बाजूनं, दूधवाल्यांच्या किटल्या चुकवत. एकदा मुरबाडच्या अलीकडे एका टपरीवाल्यानं विचारलं, "रोज कुठं पळता गं? कुणी मागे लागलंय काय?"

मालू म्हणाली, "हो ना. सर."

असं करत करत त्या दोघी महाराष्ट्राच्या संघात आल्या. आणि आता ती शर्यत सांगते.

राष्ट्रीय रोड स्पर्धा. राजस्थानातला सरळ, उघडा रस्ता, दोन्हीकडे वाळू, आणि वारा असा की उभ्या माणसाची टोपी जावी. ऐंशी किलोमीटर. शेवटची बारा उरली तेव्हा पुढे पाच जणी होत्या. त्यात मेघाली होती, मालू होती, आणि त्या मातीतलीच धापू होती, जिला वारा घरच्या गाईसारखा ओळखत होता. ठरलेलं असं होतं, की आज शेवटची धाव मालूनं घ्यायची. त्या दिवशी पाय मालूचे होते. मेघाली तिच्यापुढे वारा घेत होती.

तेवढ्यात माझ्या पुढच्या चाकाखाली टोकदार दगड आला. फस्स! मी डगमगले. मेघाली कडेला उतरली. आमची मदतीची गाडी फार मागे होती, धुळीत दिसतही नव्हती.

मालू थांबली.

तिनं थांबायला नको होतं. ठरलेलंच तसं नव्हतं. पण ती थांबली, आपल्या सायकलचं पुढचं चाक खटकन सोडवलं आणि माझ्या पुढच्या चिमट्यात बसवलं. चाक सरळ बसलं.

"मालू, तू काय करतेस? तू जा!"

"चढाव आहे पुढे. चढाव तुझा. माझा नाही. जा म्हणते ना!"

"सर ओरडतील गं…"

"ओरडू दे. पळ!"

मी पळाले. एक चाक माझं, एक मालूचं. तो चढाव मेघालीनं दात आवळून संपवला, उतारावर पुढच्यांना गाठलं आणि शेवटच्या शंभर मीटरांत धापूच्या बाजूनं निसटली. सोनं. मालू मागे वाळूत उभी होती, एकचाकी सायकल खांद्याला टेकवून. निकालाच्या कागदावर तिच्या नावापुढे लिहिलं गेलं: शर्यत अपूर्ण.

मित्रांनो, त्या निकालावरून आशियाई स्पर्धेचा संघ निवडला गेला. मेघाली गेली. मालू राहिली. पुढल्या वर्षी मालूनं शर्यती सोडल्या आणि डोंबिवलीच्या एका शाळेत खेळाची बाई झाली. मेघाली चाक परत करायला शहाडला गेली होती. मालूनं ते घेतलं नाही. "राहू दे गं. तुझ्या सायकलला शोभतंय," एवढंच म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

मेघालीनं आशियाई स्पर्धेतून कांस्यपदक आणलं. मग आमचे कौतुकाचे दिवस आले. सत्कार झाले, शाली आल्या, नारळ आले. कुण्या एका मंडळाच्या व्यासपीठावर मलाही चढवलं, हँडलला झेंडूची माळ घालून. निवेदक माईकवर म्हणाला, "आणि आता आपली कबड्डीपटू…" खालून कुणीतरी ओरडलं, "अरे, सायकल दिसत नाय काय तुला?" तो हसला आणि म्हणाला, "हां हां, सायकलपटू! ताई, घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून जाऊन दाखवा, तिथंच अर्धा पुरस्कार!" सगळे हसले. मेघालीही हसली. घरी आल्यावर मात्र तिनं माझी माळ काढताना सरांना विचारलं, "सर, राष्ट्रीय क्रीडा पुरस्कार सायकलवाल्यांना मिळतात का हो?"

सरांनी चष्मा पुसला. "मिळाले आहेत. पण फार थोड्यांना. यादी वाच, क्रिकेट आहे, कुस्ती आहे, हॉकी आहे, नेमबाजी आहे. आपल्याला शोधावं लागतं. आपली शर्यत लोकांना दिसत नाही, बाळ. दोन सेकंदांत समोरून निघून जाते. म्हणून तर अर्ज करायचा. मागितल्याशिवाय त्यांना कळणार कसं?"

तिनं अर्ज केला. नाव आलं नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा केला. पुन्हा नाही.

दुसरी यादी आली त्या दिवशी मेघालीनं मला भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं. मग एक आठवडा गेला, मग महिना. सराव बंद नव्हता, पण तो दुसऱ्या, संघाच्या सायकलवर. माझी साखळी पुसायला कुणी येईना. खारी हवा खिडकीतून यायची आणि माझ्या साखळीच्या कडीकडीत बसायची. टायर बसले. एके दिवशी शेवंतीनं इकडे तिकडे पाहिलं आणि माझ्या दांडीवर सुक्या बोंबलांची माळ टांगली. मित्रांनो, झेंडूची माळ घातलेल्या गळ्यात बोंबील! मी रागावले नाही. तिच्या घरात रिकामी दांडी वाया घालवायची रीत नाही.

पण माझ्या पोटात एक गुपित होतं, आणि ते मला टोचत होतं. माझ्या बैठकीखाली एक छोटी पिशवी आहे, पंक्चरचं सामान ठेवायची. त्या पिशवीत, ठिगळांच्या आणि पान्याच्या खाली, फडक्यात गुंडाळलेलं ते सोन्याचं पदक होतं. चार वर्षं होऊन जातील आता. मेघालीनं ते तिथं ठेवलं होतं आणि परत कधी काढलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी सर स्वतःच घरी आले. अर्जाची मुदत तीन दिवसांवर होती. आधीचे दोन्ही अर्ज मेघालीनं मोबाइलवर एकटीनंच भरले होते. सरांनी फक्त शिफारसपत्र दिलं होतं. या वेळी ते म्हणाले, "मागचा अर्ज छापून आण. कुठे कमी पडतो ते पाहू."

तिनं कागद आणला. सरांनी वाचला. उलटून पाहिलं. पुन्हा वाचला.

"मेघाली, राष्ट्रीय रोड स्पर्धेचं सुवर्णपदक कुठे आहे?"

ती पाणी आणायला वळली.

"विसरलीस?"

"नाही सर."

"मग? दोन्ही वर्षं नाही लिहिलंस?"

मेघालीनं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या पुढच्या चाकाकडे. "ते माझं नाही, सर. चाक मालूचं होतं. शर्यत मालूची होती. मी लिहिलं असतं तर चोरी झाली असती."

सर उठून उभे राहिले. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि इतकं हळवंही. "अर्जात गेल्या चार वर्षांची कामगिरी धरतात. ते सोनं मोजायचं हे शेवटचं वर्ष. तुला माहीत आहे?"

"माहीत आहे."

सरांनी पुढे वाद घातला नाही. त्यांनी मालूला फोन लावला.

मालू संध्याकाळी शाळेतूनच आली, गळ्यातली शिट्टी काढायचीही राहिली होती. दारातच तिनं वास हुंगला. "काकी, मस्त वास येतोय!" मग मला पाहिलं आणि तिचे डोळे मोठे झाले. "अगं ए! सायकलवर बोंबील? मेघा, लाज आहे का तुला?"

"मीच टांगलंय गो," शेवंती म्हणाली. "सायकल बसून खाते, मी म्हटलं जरा काम करू दे."

मालूनं बोंबील उतरवले, मला खाली घेतलं, टायर दाबले. "हवा तर भर. ठिगळ आहे का पिशवीत?" आणि मेघाली "थांब!" म्हणेपर्यंत तिनं माझ्या बैठकीखालची पिशवी उघडली होती. फडकं खाली पडलं. पदक फरशीवर वाजलं आणि गोल फिरत शेवंतीच्या पायाशी जाऊन थांबलं.

सरांनी मालूला सगळं सांगितलं. अर्ज, दोन वर्षं, न लिहिलेलं सोनं.

मला वाटलं, मालू रडेल. ती चिडली.

"येडी आहेस का गं तू? खरंच येडी आहेस?"

"तुझी निवड गेली माझ्यामुळे."

"गेली. मी रडलेली पण. आठ दिवस रडलेली, तुला सांगितलं नाही. पण चाक मी दिलं, तू हिसकावलं नाहीस. माझ्या नावापुढे काय लिहिलंय, माहितीये ना? शर्यत अपूर्ण. त्या कागदावर मी त्या दिवशी काहीच केलं नाही. मी त्या रस्त्यावर होते, याचा एकच पुरावा आहे जगात. हे." तिनं पदक उचललं. "आणि ते तू पिशवीत कोंबून ठेवलंस! तू सोनं नाही लपवलंस, मेघा. तू मला लपवलंस."

मेघाली खाली बसली. भिंतीला टेकून, गुडघ्यांत डोकं घालून.

शेवंती इतका वेळ ऐकत होती. ती लेकीजवळ उकिडवी बसली. "पोरी, तुझा बा जाळं टाकतो, तवा दुसऱ्या टोकाला तुझा काका असतो. दोघं ओढतात. मग म्हावरं माझ्या टोपलीत येतं. मी काय बाजारात बसून सांगते, घेऊ नका गो, हे माझं नाय, दिराचं हाय? मी ओरडते. सगळ्यात मोठ्यानं ओरडते. नाय ओरडले तर दोघांची मेहनत सडंल."

मालू डोळे पुसत हसली. "काकींना पाठवा सर दिल्लीला. टोपली घेऊन."

"अर्ज आधी पाठवू," सर म्हणाले.

त्या रात्री नव्हे, तेव्हाच, दिवेलागणीच्या आत, तिघी आणि सर एका मोबाइलवर वाकून बसले. सोनं लिहिलं गेलं. जिथं कामगिरीबद्दल थोडक्यात लिहायची जागा होती, तिथं मेघालीनं लिहिलं: "शेवटच्या बारा किलोमीटरला माझं चाक निकामी झालं. संघातल्या मालूनं स्वतःचं चाक दिलं आणि शर्यत सोडली. त्या चाकावर मी पहिली आले." सर म्हणाले, "एवढं लिहायची गरज नसते." मेघाली म्हणाली, "मला आहे."

दुसऱ्या दिवशी तिनं माझी साखळी सोडवली, रॉकेलात बुडवली, दात दात घासले. हवा भरली. आम्ही शहाडच्या पुलापर्यंत जाऊन आलो.

मग वाट पाहणं आलं. एक दिवस दिल्लीहून फोन आला, अर्जातल्या प्रमाणपत्रांच्या मूळ प्रती मागवल्या होत्या. याआधी असा फोन कधीच आला नव्हता. सरांनी तो दिवस वहीत लिहून ठेवला. शेवंतीनं बाजारात चार जणींना सांगितलं आणि चार जणींनी चाळीस जणींना. "काय गो शेवंते, पोरगी टीव्हीवर कवा येते?" "येईल तवा येईल. तू पापलेट बघ."

यादी आली ती दुपारी. मालू शाळेला दांडी मारून आलेली. मी दारात उभी होते, नुकतीच पुसलेली. मेघालीनं बोट वर सरकवत सरकवत यादी वाचली. हॉकी. कुस्ती. बॉक्सिंग. मग तिचं बोट थांबलं.

सायकलिंग. पुढे नाव होतं. धापूचं.

मालूच्या तोंडून आधी शिवी बाहेर पडली, मग हुंदका. "आपलं सोनं पण गेलं आता. पुढच्या वर्षी धरणार नाहीत ते."

मला मेघालीचं तोंड दिसत होतं. दुखलं होतं तिला, खोटं कशाला सांगू? मग तिनं नंबर शोधला आणि फोन लावला. आवाज मोठा केला.

"धापू? मेघाली बोल रही हूँ, ठाणे से. बहुत बहुत बधाई गं!" शेवटचा गं मराठीतच गेला.

पलीकडे ढोल वाजत होते. धापू ओरडून बोलत होती, "दीदी! आपका फोन आएगा, मुझे पता था!" मग ढोल लांब गेले. ती कुठंतरी आडोशाला गेली असावी. आवाज खाली आला. "दीदी, एक बात बोलूँ? मैं इस बार फॉर्म भरने वाली ही नहीं थी. आपका नाम दो बार नहीं आया, तो मैंने सोचा, हम साइकिल वालों का कुछ नहीं होना. फिर कैंप में किसी ने बताया, आपने तीसरी बार भरा है. तब मैंने भरा. आखिरी दिन."

मेघालीनं डोळे मिटले. सहदेवसर दारात येऊन उभे राहिले होते, त्यांनी मफलर तोंडावर धरला. शेवंतीला हिंदी पुरतं कळलं नव्हतं. तिनं मालूला कोपरानं ढोसलं. "काय बोलते गो ती?"

"म्हणते, मेघानं वारा घेतला, काकी."

शेवंती उठली, फळीवरचा डबा काढला आणि सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. माझ्या हँडलवरही चिमूटभर टाकली. मुंग्या आल्या नंतर, ती गोष्ट वेगळी.

फोन ठेवल्यावर मालू नाक ओढत म्हणाली, "आता?"

"आता नवीन सोनं आणायला लागेल. जानेवारीत स्पर्धा आहे."

"आणि वारा कोण घेईल तुझ्यापुढं?"

"तू सुट्टी टाक ना शाळेत."

"माझं वजन बघितलंस का?"

"म्हणून तर. मागे लपायला बरं!"

मालूनं चप्पल उचलली आणि मेघाली माझ्यावर बसून गल्लीतून पळाली.

मित्रांनो, मी आता म्हातारी आहे. जानेवारीत मी नसेन, संघाची नवी सायकल असेल, आणि ते बरोबरच आहे. मी सरावाला शहाडपर्यंत जाते, तेवढं पुरे. पण तुम्हाला दोन गोष्टी सांगून ठेवते. तुमच्याकडे सायकल असेल तर साखळी पुसत जा. खाडीवर राहत असाल तर रोज. आणि पहाटे तुमच्या रस्त्यानं कुणी मुलगी वाकून, घामानं भिजून, भरधाव निघून गेली, तर पुढच्या वेळी हात करून तिला थांबवा, पाणी द्या आणि तिचं नाव विचारून घ्या. तिचं नाव चार घरांत ठाऊक असेल, तर चार वर्षांनी यादी करणाऱ्यांनाही ते ऐकू जाईल. आणि तुम्ही स्वतः कधी काही जिंकलात, तर लाजून ते कुठल्या पिशवीत लपवू नका. मोठ्यानं सांगा. त्यात रस्त्याच्या कडेला थांबलेल्या कुणाचं तरी नाव असतं, ते तुमच्याशिवाय दुसरं कोण घेणार?